पडलेल्यांच्या घरचा गोळाभात

नागपूर लोकसभा मतदारसंघात गेल्या कित्येक निवडणुकांत जे जे पडले, त्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात गॅसची शेगडी कोणत्या भिंतीला लागून आहे हे डोळे मिटून सांगू शकेल अशी एकच व्यक्ती या भूतलावर आहे, आणि ती माझ्या बायकोची थोरली मावशी आहे. निवडून आलेल्यांची नावं काय, कुणीही सांगतो. ती कोनशिलांवर असतात, पुलांवर असतात, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत असतात. पडलेल्या माणसाचं तसं नाही. सकाळी त्याच्या दारात गाड्या लावायला जागा नसते आणि दुपारी चारला तोच माणूस जगातून पुसून टाकल्यासारखा होतो. मांडववाला खुर्च्या मोजायला लागतो, बँडवाला पाय न वाजवता सटकतो, कार्यकर्त्यांच्या घरी अचानक कुणीतरी आजारी पडतं. नेमकी हीच वेळ साधून मावशी त्या दारात उभ्या राहतात. डोक्याला आणि तोंडाला नागपुरी उन्हाळ्याचा पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत मोठा पितळी डबा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, दरोडा पडला.

मावशींची आणि माझी पहिली भेट माझ्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी झाली. मी साताऱ्याकडचा, बँकेच्या बदलीनं नागपुरात आलेला. बायको त्याच शाखेत होती. माझ्या घरी थोडी कुरकुर होती, तिच्या घरी थोडी भीती होती, आणि मधल्या खुर्चीवर मावशी बसल्या होत्या. त्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक असल्याचं मला आधीच बजावण्यात आलं होतं, म्हणून मी राज्यघटनेची उजळणी करून गेलो होतो. मावशींनी माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, पत्रिका तर त्या घरात कुणी कुणाची पाहतच नाही. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "तुमच्याकडं गेल्या टायमाले पडलं कोन?"

मी निवडून आलेल्या खासदारांचं नाव अभिमानानं सांगितलं.

"ते मले माहीत हाय. पडलं कोन, ते विचारून राहिली मी."

मला खरंच आठवेना. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस कोण होता? लाखो लोकांनी ज्याला मत दिलं, कदाचित माझ्या वडिलांनीही दिलं असेल, त्याचं नावसुद्धा माझ्या डोक्यात शिल्लक नव्हतं. मी "माहीत नाही" म्हणालो. मावशींनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि बायकोच्या आईकडं वळून निकाल दिला, "पोरगा खरं बोलला वं. बाकीचं शिकून घेईन."

आणि मी शिकलो. मावशींच्या सहवासात राहून कुणी या मतदारसंघाचा इतिहास न शिकणं शक्यच नाही, कारण त्यांचं अख्खं पंचांगच त्यावर चालतं. बायकोचा जन्म चिन्हवाटपाच्या दिवशीचा. धाकट्या मावशीचं लग्न आचारसंहितेत अडकलेलं, त्यामुळं लाउडस्पीकरविना झालेलं. आजोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मतपत्रिका चादरीएवढी झाली होती त्या निवडणुकीतलं, कारण पट्टी काढल्यावर त्यांनी पहिली गोष्ट पाहिली ती तीच, आणि म्हणाले, हिच्यात तं घरचं सामान बांधून नेता येते. वेगळ्या विदर्भाच्या घोषणांनी भिंती रंगल्या होत्या ती निवडणूक, आणीबाणीनंतर उत्तरेकडचा देश एका बाजूला वाहत गेला आणि विदर्भ दुसऱ्याच बाजूला ठाम उभा राहिला ती निवडणूक, शिक्क्याऐवजी पहिल्यांदा यंत्राचं बटण दाबल्यावर बायकांना आपलं मत खरंच गेलं की नाही याची रात्रंदिवस काळजी लागलेली ती निवडणूक. मावशी या सगळ्या सांगतात, पण सांगतात मागच्या दारानं. कोण जिंकलं ते वाक्याच्या शेवटी, जमलं तर. आधी येतो तो पडलेला. एक वकीलसाहेब पडले आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणं कोर्टात उभे राहिले, तिथंही खटला हरले, आणि घरी येऊन बायकोशी पत्त्यांत हरले, तेव्हा कुठं त्यांना हसू फुटलं. एक कामगार पुढारी पडले तेव्हा घरात सगळ्यांत जास्त रडला तो त्यांचा न्हावी, कारण विजयाच्या मिरवणुकीसाठी त्यानं त्यांच्या मिशांना सकाळीच आकार देऊन ठेवला होता. वर्गात मावशी हेच सगळं शुद्ध ग्रांथिक मराठीत शिकवायच्या आणि मुलं पुढच्या वर्गाची घंटा झाली तरी उठायची नाहीत, असं त्यांचे विद्यार्थी मला आजही बँकेत येऊन सांगतात. घरी मात्र त्यांची भाषा उत्तर नागपुरातल्या गिरणी कामगाराच्या लेकीची, खणखणीत.

हा प्रकार सुरू कुठून झाला, हे मी त्यांना एकदा विचारलं. धम्मदीक्षेच्या वेळी त्या वडिलांच्या खांद्यावर होत्या. तो पांढऱ्या कपड्यांचा महासागर आपल्याला आठवतो, की ऐकून ऐकून आठवल्यासारखा वाटतो, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. पण त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी सायकलच्या दांडीवर बसवून एका पडलेल्या उमेदवाराच्या घरी नेलं, ते त्यांना अगदी लख्ख आठवतं. वडिलांनी गिरणीतली पाळी संपवून महिनाभर त्या माणसासाठी गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. मतमोजणी संपली, माणूस पडला. वाटेत जिंकणाऱ्याचं घर लागलं. तिथं ढोल, गुलाल, पेढे. लहानग्या मावशींनी पेढ्यांकडं पाहून सायकल थांबवायला सांगितली. वडील म्हणाले, "अथी बसाले जागा नाही पोरी. तिकडं सतरंजी रिकामी हाय." आणि खरंच रिकामी होती. बनियनवर बसलेला एक थकलेला माणूस, त्याची बायको आणि दोन म्हातारे. वडील जाऊन नुसते बसले. काही बोललेच नाहीत. निघताना त्या माणसानं घरातून शोधून एक बिस्किट मावशींच्या हातावर ठेवलं. "तेवढ्या वेळात त्याच्या तोंडावर जरासं रक्त आलं," मावशी म्हणाल्या. "मी पाह्यलं ना डोळ्यानं. नुसतं बसल्यानं येते, जवाईबापू. नुसतं बसल्यानं."

वडील नुसते बसायचे. मावशींनी त्यात गोळाभात आणला, आणि इथंच मला त्यांच्या बुद्धीपुढं हात जोडावेसे वाटतात. डाळीच्या भरडीचे तिखट गोळे भातात शिजवलेले असतात, आणि त्यावर मोहरी-हिंगाची, लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतल्याशिवाय तो भात घशाखाली उतरत नाही. मावशी भात आणि गोळे घरून करून नेतात. तेल मात्र छोट्या बाटलीत कच्चं. का? तर पडलेल्याच्या घरी त्या दिवशी कुणी चूल पेटवत नाही. मयतीच्या घरासारखं होतं. अशा घरी तुम्ही आयता डबा नेऊन ठेवलात तर लोक तो नंतर जेवू म्हणून झाकून ठेवतात आणि तसेच उपाशी झोपतात. पण प्राध्यापकबाई दारात उभ्या आहेत, उन्हातून आल्या आहेत, आणि म्हणताहेत की नुसतं तेल गरम करायचंय, गॅस कुठं आहे? नाही कसं म्हणणार? मावशी थेट स्वयंपाकघरात. तिथं घरातली बाई बसलेली असते, जिच्याकडं दिवसभरात कुणी पाहिलेलं नसतं. शेगडी पेटते, मोहरी तडतडते, हिंगाचा वास बैठकीपर्यंत जातो, आणि मी स्वतः पाहिलं आहे, भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस कुशीवर वळतो.

वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा किस्सा मावशींच्या खास आवडीचा. अमरावती रोडवर त्याची गोदामं, दारात ट्रकांची रांग. वाडी मतदारसंघाच्या हिशेबानं रामटेकात जाते, पण साहेब उभे राहिले नागपुरातून. मावशींनी मतदारसंघाची हद्द कधी ओलांडली नव्हती, त्यामुळं हा पेच होता. "राह्यते रामटेकात, पन पडला आपल्या इथी ना? मंग आपलाच होय," असा घटनात्मक तोडगा काढून त्या गेल्या. गोदामात पाहतात तर बुंदीच्या लाडवांचा डोंगर. माणसाला जिंकण्याची इतकी खात्री होती की हलवाई आदल्या दिवशीच बसवलेला. बाजूला फटाक्यांची खोकी. आणि त्या डोंगराकडं पाठ करून मालक एका पोत्यावर बसलेला. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल सगळे लांब उभे, लाडवांकडं पाहायचीही कुणाची हिंमत नाही, न जाणो मालकाच्या जखमेवर मीठ. मावशींनी एक लाडू उचलला, शांतपणे संपवला, आणि म्हणाल्या, "भाऊ, पडल्यावर बुंदी खारट होते असं आयकलं होतं. खोटं हाय." मग त्यांनी तिथंच पंगत बसवली. गोळाभात आणि लाडू. मालक आधी नुसता वाढत होता, मग वाढता वाढता खायला लागला, मग एका हमालानं विचारलं की साहेब, पुढच्या वेळी पण हाच हलवाई का, तेव्हा इतका हसला की त्याला ठसका लागला. फटाके एका ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नात वाजले. त्या लग्नाची पत्रिका मावशींनाही आली होती.

मावशी केवळ दुसऱ्या नंबरवाल्याकडं जातात असं कुणी समजू नये. निकालाच्या दिवशी तो पहिला मान. पण त्यानंतरचे दोन-तीन आठवडे त्या अपक्षांसाठी राखून ठेवतात. कुकरवाले, शिट्टीवाले, कपबशीवाले, शिलाई मशीनवाले, ज्यांची अनामत गेली आणि ज्यांचं नाव वर्तमानपत्रानं "इतर" या एका शब्दात गुंडाळलं, त्यांच्याकडं. हुडकेश्वर रोडला एक निवृत्त मुख्याध्यापक राहायचे, चिन्ह कुकर. पक्षफुटीला कंटाळून तत्त्वासाठी उभे राहिले होते. मावशी पोचल्या तेव्हा गुरुजी अंगणात लिंबाखाली खाट टाकून बसले होते आणि घरात पाऊल टाकायला तयार नव्हते. कारण त्यांना बूथप्रमाणं आकडे मिळाले होते. घरात मतं पाच, आणि त्यांच्या बूथवर कुकरला पडली होती तीन.

"दोन कुठं गेली?" गुरुजींनी मावशींना प्रश्नपत्रिकेतल्यासारखा प्रश्न टाकला. "मी धरून पाच माणसं. शेजारी सोडा, विद्यार्थी सोडा. घरातली दोन कुठं गेली?"

खिडकीच्या गजांमागं सूनबाई, मुलगा, मुलगी आणि गुरुजींच्या पत्नी अशी चार तोंडं होती, आणि चारही निष्पाप. मावशींनी खाटेच्या कडेवर बैठक मारली. "गुरुजी, मत गुप्त काहून ठेवलं असन घटनेत?"

"दडपण येऊ नये म्हणून."

"ते पुस्तकात झालं. मतदान झाल्यावर बी घरच्या मानसाले घरात राह्यता यावं, म्हणून ठेवलं." आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक नवा धडा उमटताना दिसत होता. मग गुरुजी उठले आणि आत गेले. फोडणी घालताना गुरुजींच्या पत्नी मावशींच्या कानाशी लागून म्हणाल्या, "एक माहं होय बाई. निवडून आले असते तं दिल्लीले गेले असते ना. तिथं याइले पथ्याचं कोन करून घालन?" दुसरं मत कुणाचं ते मावशींना ठाऊक आहे, पण ते त्यांनी मलाही सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाहीत.

एवढं सगळं ऐकून मावशी म्हणजे क्षमेचा अवतार वगैरे वाटतील. तसं मुळीच नाही. त्यांना राग येतो, चांगला घसघशीत येतो, आणि तो टिकतो. ज्या संस्थेच्या कॉलेजात त्या शिकवायच्या, तिचे अध्यक्ष हे शहरातलं एक बडं प्रस्थ होतं. एका निवडणुकीत त्यांनी आपल्या मर्जीतल्या उमेदवाराच्या सभेला मुलांना बसमध्ये घालून न्यायचं ठरवलं. मावशींनी वर्ग सोडायला नकार दिला. परीक्षा जवळ होती आणि मुलं ही काय सतरंज्या आहेत का, असं त्या भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्यांची बदली संस्थेच्या मौद्याच्या कॉलेजात झाली. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. मौद्याच्या पोरांवर मावशींचा जीव जडला, तो भाग वेगळा. पण मौदा पडलं रामटेक मतदारसंघात. पुढची निवडणूक आली तेव्हा मावशींना ड्यूटी लागली ती तिकडची, मतमोजणीची ड्यूटीसुद्धा तिकडची. आणि त्याच वर्षी नागपुरातून कोण उभं होतं? विद्यापीठातले त्यांचे स्वतःचे गुरू. म्हातारे, विधुर, एकटे राहणारे. सगळ्या शहरानं वेड्यात काढलेले. मावशींना एम.ए.ला त्यांनीच बसवलं होतं, पुस्तकं घ्यायला घरी पैसे नव्हते तेव्हा आपल्या घरची पुस्तकं हातात ठेवली होती.

सर पडले. मावशी तिकडं दुसऱ्याच मतदारसंघाच्या मतपत्रिका मोजत होत्या. सुटका झाली, बस मिळाली, डबा घेऊन त्या सरांच्या घरी पोचल्या तोवर दोन दिवस उलटले होते. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, मुलगी येऊन रायपूरला घेऊन गेली, दोन दिवस कुणी फिरकलं नाही हो, म्हाताऱ्यानं पाणीसुद्धा नीट घेतलं नाही. सर परत आले नाहीत. रायपूरलाच वारले. "बसनं हाडं खिळखिळी झाली त्याचं मले काहीच नाही," मावशी एकदा म्हणाल्या होत्या. "ते कुलूप पाह्यलं, त्याचं हाय."

आणि मग अशी वेळ आली की ते अध्यक्षसाहेब स्वतः उभे राहिले. मावशी तोवर निवृत्त झाल्या होत्या. मतमोजणीच्या दिवशी आमच्या घरी सगळं कुटुंब टीव्हीसमोर. प्रत्येक फेरीत साहेब मागं पडत होते आणि प्रत्येक फेरीला आमच्याकडं टाळ्या पडत होत्या. सर्वांत मोठी टाळी मावशींची. धाकट्या मावशीनं दुपारीच संत्रा बर्फी आणली. चारच्या सुमाराला निकाल लागला, बर्फी फिरली, आणि पाहतो तर मावशी खुर्चीवर नाहीत. स्वयंपाकघरातून भरडीचे गोळे वळल्याचा आवाज म्हणावा तर तसा आवाज नसतो, पण भात शिजल्याचा वास आला.

"मावशी, तू त्याच्याकडं चालली?" बायको जवळजवळ ओरडली. "त्यानं तुझं काय केलं ते विसरली का?"

"विसरली असती तं जानं सोपं झालं असतं," मावशी म्हणाल्या. "जवाईबापू, गाडी काढा. गुडघा स्कूटी चालवू देऊन नाही राहिला."

आम्ही गेलो. ऊन उतरलं होतं पण डांबर अजून वाफ सोडत होतं. साहेबांच्या बंगल्यासमोर सकाळच्या फुलांचे हार फाटकाला तसेच, आणि मांडववाला खुर्च्या टेम्पोत भरत होता. आत साहेब एकटे. झब्ब्याच्या बाह्यांना सकाळचा गुलाल, कुणीतरी घाईनं उधळलेला. मावशींना पाहून ते उठले नाहीत. "या बाई," ते म्हणाले. "पाहून घ्या. मोठा माणूस पडल्यावर कसा दिसतो, ते पाहाले आल्या असाल."

"कसा दिसते ते मले माहीत हाय साहेब. बहुत पाह्यले," मावशी म्हणाल्या. "गॅस कोठी हाय?"

मी माझ्या आयुष्यात इतका अवघडलेला बसलो नसेन. समोर साहेब, मध्ये काचेचं टेबल, वर मंत्र्यांबरोबरचे फोटो. आत भांड्याचा आवाज झाला. मग एका बाईचा हुंदका, मग मावशींचा हळू आवाज. मग तेल तडतडलं. साहेबांनी मान वर केली. "काय करून राहिल्या त्या?" मी म्हणालो, फोडणी. त्यांनी मान हलवली, जणू निवडणुकीनंतर फोडणी ही नेहमीचीच रीत आहे. पाच मिनिटांनी साहेबांच्या पत्नी ताटं घेऊन आल्या. महिनाभर ज्या घरात रोज शेकड्यांनी माणसं जेवली होती, तिथं आज त्या बाईंनी सकाळपासून घोटभर चहा घेतला होता, हे नंतर कळलं. साहेब पहिला घास घेऊन थांबले. दुसरा घेतला. मग जेवले, व्यवस्थित जेवले, मागून घेऊन जेवले. आणि ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "बाई, तुमच्यासंगं मी बरोबर वागलो नाही. मौद्याले तुमाले..."

मावशींनी हात वर केला. "आज नाही साहेब."

"काहून?"

"आज तुमी पडले हा. पडलेला मानूस पहिल्या दिवशी साऱ्या जगाची माफी मागते. एकानं तं दूधवाल्याची मागितली होती. ते धराचं नसते. जिंकान तवा या माह्या घरी. तवा मागा. मंग मी आयकते."

साहेबांनी मान वर केली. मला वाटलं, आता उठा म्हणतील. पण ते हसले, आधी नाकातून, मग सगळे. "म्हणजे आता जिंकणं आलं," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी पदरानं डोळे पुसत हसत होत्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी डबा घासून मागितला.

परतताना एका रसवंतीपाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मी म्हणालो, मावशी, मला तर हे जमलं नसतं. त्या म्हणाल्या, "मले कोठी जमून राहिलं होतं. सकाळपासून टाळ्या पिटून राहिली होती मी. इतका आनंद झाला होता ना गा, की मलेच माही भीती वाटली." मग रस संपवून, तोंड पुसून, "आज तिथी गेली नसती तं सरांच्या शेजाऱ्यांत अन् माह्यात फरक काय राह्यला असता," एवढंच म्हणाल्या. मी गाडी चालवत होतो. आरशात त्यांचा दुपट्टा दिसत होता, चेहरा नाही. त्या वेळी मला जे वाटलं त्याला आदर हा शब्द पुरत नाही. एखाद्या मोठ्या नदीच्या काठी अचानक पोचल्यावर माणूस गप्प होतो, तसं काहीतरी.

साहेब पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यामुळं माफीचं ते तसंच राहिलं. त्यांच्या पत्नी मात्र मावशींकडं यायला लागल्या, संक्रांतीला, मावशींच्या वाढदिवसाला, कधी उगीच. दोघी बसून कशावर बोलतात देव जाणे, निवडणुकीवर नक्कीच नाही.

गेल्या लोकसभेला मावशींचे गुडघे पुरते संपावर गेले होते. त्या आता आमच्याकडंच राहतात. निकालाच्या संध्याकाळी तरीही डबा भरला गेला. पडलेला उमेदवार तरुण वकील, राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी म्हणालो, मी नेऊन देतो. मावशी ऐकेनात. शेवटी त्या खाली ऑटोतच बसून राहिल्या आणि मी तेलाची बाटली घेऊन वर जाऊन निरोप दिला की एक प्राध्यापकबाई खाली आहेत, त्यांना गॅस पाहिजे. वकीलसाहेब गोंधळून, तापल्या तेलाची कढई घेऊन, मागं बायको, अशी वरात तीन जिने उतरून आली. फोडणी ऑटोच्या सीटवरच डब्यात ओतली गेली. उमेदवार, त्याची बायको, मी आणि ऑटोवाला, असे आम्ही तिथंच रस्त्यावर उभ्यानं जेवलो. ऑटोवाल्यानं मध्येच कबूल करून टाकलं की मी तुमच्या विरोधात मत दिलं साहेब, आणि वकीलसाहेबांनी त्याला आणखी एक गोळा वाढला.

घरी आल्यावर आम्ही गॅलरीत बसलो. बायकोनं किती वर्षांपासून मनात असलेला प्रश्न शेवटी विचारला, "मावशी, तू स्वतः काहून कधी उभी नाही राहिली? तुले तं सारं नागपूर ओळखते."

मावशी हातानं गुडघा चोळत होत्या. "विचारलं होतं एकदा," त्या म्हणाल्या. "छोटाच पक्ष होता, पन माणसं चांगली होती. अर्ज बी भरला होता मी. माघारीच्या शेवटच्या दिवशी जाऊन काढून आणला."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बायकोच्या आईलासुद्धा. बायकोनं विचारलं, भीती वाटली का पडायची?

"पडायची कायची भीती. पडनारच होती." खाली कुणीतरी मुलं उशिरापर्यंत क्रिकेट खेळत होती. "बाबा तवा जाऊन वर्ष झालं होतं. घरी मी एकटी. मले वाटलं, निकाल लागन, साऱ्याइच्या घरी तं मी जाते. पन माह्या घरी कोन येईन?"

मला एकदम बोलावंसं वाटलं, आणि मी विचार न करता बोललो. "मी आलो असतो, मावशी."

मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "जवाईबापू, तुमी तवा साताऱ्याले चड्डी घालून शाळंत जात होते."

आम्ही हसलो, त्याही हसल्या. मग हसणं सरलं. खालची मुलं घरी गेली. मावशींनी न पाहताच हात पुढं करून माझ्या मनगटावर ठेवला.

"पन आले असते तुमी," त्या म्हणाल्या. "ते खरं हाय."